सर माझेच रिपोर्ट परत वाचतात

१ ऑगस्ट, सकाळी ६.४०

आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. मोठेपणाची सुरुवात नेमकी कुठून झाली हे पुढे मलाच आठवेनासं होईल, म्हणून नोंद असलेली बरी.

रेसिडेन्सी संपली. रेडिऑलॉजिस्ट झालो. पण हल्ली नुसत्या रेडिऑलॉजिस्टला कोण विचारतो? डोक्यापासून पायापर्यंत सगळं थोडं थोडं येणारा माणूस, म्हणजे धड ना इकडचा, धड ना तिकडचा. म्हणून ही एक वर्षाची फेलोशिप. विषय हाडं आणि सांधे. वर्षभर दुसरं काही बघायचं नाही.

फेलो दोन. वर्ष संपताना कन्सल्टंटची जागा एक. दुसऱ्या फेलोबद्दल आताच वाईट वाटायला लागलं आहे.

संकल्प: पाचला उठणे. रोज जाड पुस्तकाची वीस पानं. सहा महिन्यांत एक शोधनिबंध. कमी बोलणे.

(आज पाचला उठलो नाही. पण संकल्पच सहा चाळीसला केला, त्यामुळे तो मोडला असं म्हणता येणार नाही.)

२ ऑगस्ट

साडेसातला जाग. गजर बिघडलेला दिसतो. ही म्हणते बिघडलेला नाही, तिनेच तीनदा बंद केला.

३ ऑगस्ट

रीडिंग रूम पसंत पडली. खिडक्यांना काळा कागद, चार टेबलं, प्रत्येक टेबलावर तीन पडदे. आत आलेल्या माणसाला आधी काहीच दिसत नाही, तो खुर्चीला अडखळतो, मग म्हणतो, सॉरी. त्यामुळे आपोआप आपला दबदबा राहतो.

आम्हाला शिकवणारे सर फार बोलत नाहीत. काहीही सांगितलं की म्हणतात, हं. मी तीन दिवसांत त्यांच्या हं-चे चार प्रकार ओळखले. चारही मला अनुकूल आहेत.

दुसरी फेलो बुटकी, चष्मा लावणारी, अबोल. प्रत्येक फिल्म वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत बघते. बघून झालं की परत पहिल्यापासून. मोडलेलं हाड समोर ढळढळीत दिसत असतं, तरी बाईसाहेब कोपऱ्यातल्या करंगळीत. मनातल्या मनात तिचं नाव मुंगी ठेवलं आहे. आज माझे एकवीस रिपोर्ट झाले, मुंगीचे आठ.

९ ऑगस्ट

महत्त्वाची नोंद. सर माझे रिपोर्ट परत वाचतात. सगळेच्या सगळे. फिल्म स्वतः उघडून, चष्मा कपाळावर ढकलून. मुंगीचे मात्र वाचत नाहीत, सरळ सही करून टाकतात.

हे मी घरी हिला सांगितलं. ज्याला पुढे गादीवर बसवायचं त्यालाच घासूनपुसून तयार करतात, हेही सांगितलं. ही म्हणाली, बरं.

ही फिजिओथेरपिस्ट आहे. मोडलेल्या माणसांना परत चालायला शिकवते. मोठ्या पल्ल्याच्या गोष्टी तिच्या लवकर लक्षात येत नाहीत.

२० ऑगस्ट

पुस्तक: पान अकरा. प्रस्तावनेची पानं धरून.

१४ सप्टेंबर

शोध लागला. शंभरातल्या साठ एक्स-रेंमध्ये काहीच नसतं. मग दर वेळी तेच चौदा ओळींचं पुराण कशाला सांगत बसायचं? मी गुडघ्याचा एक तयार रिपोर्ट बनवून ठेवला. हाडं नैसर्गिक, सांधा नैसर्गिक, सांध्यातली पोकळी नैसर्गिक, आणि शेवटी माझी खास ओळ, 'एकूण चित्र समाधानकारक.' एक कळ दाबली की चौदा ओळी हजर. नाव ठेवलं, रामबाण.

आज बावन्न रिपोर्ट. मुंगी अकरा. सर संध्याकाळी उशिरापर्यंत बसून माझे बावन्न वाचत होते. डोळे चोळत होते. माझ्यासाठी माणूस किती झिजतो आहे.

१९ सप्टेंबर

हाडांच्या सर्जननी स्वतः फोन केला. म्हणाले, एका आजींच्या गुडघ्याचा तुमचा रिपोर्ट वाचला, तुमचे फार आभार, इतक्या वर्षांत माझ्या कामाचं असं कौतुक कुणी केलं नव्हतं. मी म्हणालो, कर्तव्यच आहे. ते बराच वेळ हसत होते. मोकळ्या स्वभावाचे वाटले. जागेच्या मुलाखतीला तेही असतात म्हणे. ओळख वाढवली पाहिजे.

कौतुक नक्की कशाचं ते विचारायचं राहिलं.

२७ सप्टेंबर

चुकांची सभा झाली. इथे महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी चुकलेले रिपोर्ट पडद्यावर लावतात. लिहिणाऱ्याचं नाव झाकलेलं. कुणाला बोल लावायचा नाही, फक्त शिकायचं.

तिसरी केस: एक गुडघा. त्यात सांधा बदलून बसवलेला, अख्खा धातूचा. एक्स-रेमध्ये धातू पांढराशुभ्र दिसतो, आंधळ्यालाही चुकणार नाही. आणि खाली रिपोर्ट, हाडं नैसर्गिक, सांधा नैसर्गिक.

मी सगळ्यांच्या आधी हसलो. राहवलं नाही म्हणून उठून बोललो देखील, की असल्या माणसाच्या हातात फिल्म देण्यापेक्षा पतंग द्यावा. मुंगी माझी बाही ओढत होती. तेवढ्यात रिपोर्टची शेवटची ओळ पडद्यावर आली. एकूण चित्र समाधानकारक.

बसलो.

(तरी नोंद करून ठेवतो: त्या सांध्याचं काम खरोखरच समाधानकारक होतं. आणि इतक्या रिपोर्टांतून सभेसाठी माझा निवडला गेला.)

२८ सप्टेंबर

रामबाण पुसून टाकला. सरांनी पुसायला लावला हे खरं, पण मीही त्याच विचारात होतो.

६ नोव्हेंबर

नवीन संकल्प, जुने रद्द. सहाला उठणे. पाच पानं. शोधनिबंधाचं शीर्षक तयार, लेखक म्हणून माझा फोटोही काढून झाला. फक्त मधला मजकूर बाकी.

१० डिसेंबर

हिला पत्र आलं. इथून पाच तासांवरच्या शहरात अपघातानंतरच्या उपचारांचं मोठं केंद्र आहे, तिथे हिला फिजिओथेरपी विभागाची प्रमुख म्हणून बोलावलं आहे. राहायला क्वार्टर. उत्तर पंधरा फेब्रुवारीपर्यंत कळवायचं, रुजू व्हायचं ऑगस्टमध्ये.

हिचा चेहरा उजळला होता. पत्र तीनदा वाचलं. मग माझ्याकडे बघत राहिली. मी तिला शांतपणे समजावलं की आपलं बस्तान इथेच बसणार, जागा माझी झाल्यात जमा आहे, आणि एका घरात दोन प्रमुख झाले तर भाजी कोण आणणार. नाही म्हणून कळवून टाक, म्हणालो.

ती म्हणाली, बघते.

पत्र तिने घडी घालून पर्समध्ये ठेवलं. फेकलं असतं तर बरं झालं असतं, पण बायकांचा जीव कागदात अडकतो.

१९ जानेवारी

सासरेबुवा जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून घसरले. गुडघा सुजला. त्यांच्या डॉक्टरांनी एमआरआय करून घेतला आणि लेखी रिपोर्ट यायला दोन दिवस होते. ते डिस्क घेऊन थेट माझ्याकडे आले. म्हणाले, घरात तज्ज्ञ असताना रांगेत कशाला थांबू.

असा दिवस रोज येत नाही. लॅपटॉप टेबलावर मांडला, सगळ्यांना बसवलं, दिवे मालवले. चौथ्याच चित्रात सापडली! गुडघ्याच्या मागे पाण्याची गाठ, लिंबाएवढी, कडा कशा रेखीव. इतकी देखणी गाठ मी पुस्तकातही पाहिली नव्हती. अर्धा तास समजावून सांगितलं. सासूबाईंनी फोटो काढला. गाठ निरुपद्रवी, घाबरायचं काम नाही, सांधा मोकळा ठेवायला रोज दोन किलोमीटर चालायचं, असं सांगितलं.

सासरेबुवा म्हणाले, जावईबापू, आज धन्य झालो. हिने विचारलं, बाकीची चित्रं बघायची नाहीत का. म्हटलं, अगं, जे सापडायचं ते सापडलं.

२१ जानेवारी

त्यांचा लेखी रिपोर्ट तयार झाला म्हणे. मी निरोप दिला, आणायला जायची गरज नाही.

२६ जानेवारी

सासरेबुवा नेमाने चालतात. सूज वाढते आहे. म्हणजे गाठ हलायला लागली.

२९ जानेवारी

घरात वातावरण ठीक नाही.

वडील लंगडतात हे बघून ही परस्पर डिस्क घेऊन हॉस्पिटलात आली. माझ्याकडे नाही. मुंगीकडे. मुंगीने पंचवीस मिनिटं लावली, वरच्या डाव्या कोपऱ्यापासून. गुडघ्याखालच्या हाडात केसासारखी बारीक चीर आहे. दोन किलोमीटर सोडाच, पाय टेकवायलाही मनाई. सासरेबुवा सहा आठवडे कुबड्यांवर.

मी हिला दाखवून दिलं की गाठ होती. मुंगीनेही ती लिहिली आहे. शेवटच्या ओळीत, 'तसेच एक छोटी गाठ.' छोटी म्हणे.

सासरेबुवा मला काही बोलले नाहीत. फक्त सासूबाईंना म्हणाले की तो फोटो पुसून टाक. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

२ फेब्रुवारी

सरांनी आज सगळ्यांना शिकवलं. आपल्या धंद्यात एक जुना रोग आहे म्हणाले. एक गोष्ट सापडली की माणूस खूश होतो आणि शोधायचं थांबतो. दुसरी गोष्ट तिथेच असते, पण बघणारा आधीच उठून गेलेला असतो. माझ्याकडे बघून बोलत होते. मला पटकन समजतं हे त्यांना माहीत आहे.

११ फेब्रुवारी

जेवताना हिने विचारलं की सर अजूनही तुझे रिपोर्ट परत वाचतात का. म्हटलं, वाचतात. सगळे? सगळे. आणि त्या दुसऱ्या फेलोचे? एकही नाही. बाहेर पाठवायच्या आधी वाचतात की नंतर? म्हटलं, आधी. वाचल्याशिवाय माझा एक कागद खोलीबाहेर जात नाही, इतका जीव आहे.

हिने हातातला चमचा खाली ठेवला. बराच वेळ माझ्याकडे बघत होती. नजरेत माया होती, पण वेगळीच. ताप आलेल्या मुलाकडे बघतात तशी.

मग म्हणाली, बरं.

१४ फेब्रुवारी

हिने त्या केंद्राला उत्तर पाठवलं. एकदाचं संपलं. नकार द्यायला तिला वाईट वाटलं असणार, म्हणून मी मुद्दाम विषय काढला नाही. संध्याकाळी तिला फिरायला नेलं. चांगली खुशीत होती. मन मोठं आहे.

१७ मार्च

कन्सल्टंटांच्या खोलीतलं खिडकीजवळचं टेबल रिकामं आहे. सहज मापं घेतली. एक्स-रेचा सीनियर टेक्निशियन दारात उभा होता. तीस वर्षं इथे आहे. त्याला माझ्या पुढच्या सुधारणा सांगितल्या: खुर्च्या, पडदे, चुकांची सभा वर्षातून एकदाच. तो म्हणाला, साहेब, आधी घडू द्या. चांगला माणूस आहे, पण दृष्टी नाही.

३ मे

सूट शिवायला टाकला. ही काहीतरी सांगत होती, ऑगस्टबद्दल. शिंपी खांद्याचं माप घेत होता, मान हलवता येईना. हो हो, बघू, म्हणालो.

२४ मे

ही परत काहीतरी सांगायला आली. मुलाखतीची तयारी चालली आहे, म्हटलं, नंतर. शुभेच्छाच असणार.

१८ जून

मुलाखत. सूट काखेत काचत होता.

समोर सर, हाडांचे सर्जन आणि प्रशासनाच्या बाई. आधी इकडचं तिकडचं विचारलं. शोधनिबंधाचं विचारलं, मी शीर्षक सांगितलं. मग पडद्यावर हाताचा एक एक्स-रे लावला. एक्स-रे कशाचा हवा ते लिहिलेला विनंतीचा कागद माझ्यासमोर ठेवला. जेवढा वेळ लागेल तेवढा घ्या, म्हणाले.

चार सेकंद! मधल्या बोटाचं हाड तुटलेलं. सांगितलं, खुर्चीला टेकलो. सर म्हणाले, अजून काही? म्हणालो, नाही सर, एवढंच. ते आणखी थांबले. सर्जन पेनाचं टोपण काढत होते, लावत होते. मीही थांबलो. मला वाटतं ते भारावले होते.

माझ्यानंतर मुंगी आत गेली. सतरा मिनिटं बाहेर आली नाही. बिचारी. तिच्यासाठी कॅन्टीनमधून कॉफी आणून ठेवली. निवून गेली.

१९ जून

टेक्निशियनकडून कळलं की त्या फिल्ममध्ये तीन गोष्टी होत्या. बोट तुटलेलं. मनगटातलं एक लहान हाड जागचं सरकलेलं. आणि विनंती उजव्या हाताची, फिल्म डाव्या हाताची. मुळात हात चुकीचा.

त्याने हे सगळं सांगून मला विचारलं, की साहेब, तुम्ही तिन्ही सांगितल्याच असतील ना. म्हणालो, मुख्य ती सांगितली.

दुपारी जेवलो नाही. सूटमुळे असेल.

२० जून

विचार केला. कन्सल्टंटचं काम म्हणजे निर्णय. हात कुठला हे कारकुनी आहे. जागा अजून माझीच.

१० जुलै

जागा मुंगीला.

सरांनी खोलीत बोलावलं. दार लावलं. मी बसायच्या आधीच म्हणालो, सर, मला कारण नको, मी समजू शकतो. ते म्हणाले, नाही, तुम्हाला समजलेलं नाही, बसा.

मग सर एका दमात जेवढं बोलले, तेवढं वर्षभरात बोलले नव्हते. म्हणाले, तुम्हाला लवकर दिसतं. माझ्यापेक्षाही लवकर. पण पहिली गोष्ट दिसली की तुम्ही स्वतःवर खूश होता आणि बघायचं सोडून देता. मी वर्षभर तुमचा प्रत्येक रिपोर्ट वाचला, कारण न वाचता सोडला तर मला झोप लागत नव्हती. त्या आजींचा एक सुटला, तो मी अजून विसरलो नाही.

सरांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. म्हणाले, हे सुधारतं. मीही तुमच्यासारखाच होतो, मला सुधारायला चार वर्षं लागली. सावकाश बघायची सवय लावा, कुठेही लावा.

बाहेर आलो. मुंगी दाराशी उभी होती. तिचे डोळे ओले होते, माझ्यासाठी की स्वतःसाठी कळलं नाही. अभिनंदन म्हणालो. तिने हात जोडले.

लाज वाटते आहे. जागा गेल्याची कमी. वर्षभर घरीदारी छाती फुगवून जे सांगत फिरलो, त्याचा अर्थ सगळ्यांना कळत होता, त्याची जास्त.

१० जुलै, संध्याकाळी

रस्ताभर वाक्यं जुळवत आलो. हिला कसं सांगायचं? माझ्या शब्दावर तिने आयुष्यातली चांगली संधी सोडली. आता ना माझी जागा, ना तिची. तिने घराबाहेर काढलं असतं तरी मी काही म्हणालो नसतो.

दार उघडलं तर हॉलमध्ये खोकी. पुस्तकं बांधलेली, भांडी कागदात गुंडाळलेली. प्रत्येक खोक्यावर हिच्या अक्षरात आत काय आहे त्याची यादी.

मी सगळं सांगितलं. बोट, मनगट, डावा हात, सर, आजी. पहिल्यांदाच मधे न थांबता शेवटपर्यंत सांगितलं. ती खोक्यावर बसून ऐकत होती.

मग म्हणाली, मी फेब्रुवारीतच हो म्हणून कळवलंय. रिपोर्ट बाहेर जायच्या आधी वाचतात म्हणालास, तेव्हाच मला कळलं. तुला दोनदा सांगायला आले. तू शिंप्याकडे होतास.

मी रागवायला पाहिजे होतं. इतकं मोठं पाऊल, मला न विचारता. खूप शोधलं, राग सापडला नाही. चिकटपट्टीचा रोल हातात घेतला आणि खोकी बंद करायला लागलो. दोन चुकीची बंद केली, ती तिने परत उघडली.

३१ जुलै

शेवटचा दिवस. सतरा रिपोर्ट. सरांनी सतराही वाचले. सोळा जसेच्या तसे ठेवले. सतराव्यात काय बदललं ते विचारलं आणि लिहून घेतलं.

संध्याकाळी ही क्वार्टरचा फॉर्म भरत बसली होती. नाव, शिक्षण, हुद्दा: विभागप्रमुख. पुढचा रकाना, 'जोडीदाराचा व्यवसाय'. तिने पेन माझ्याकडे दिलं.

कन्सल्टंट लिहिता येईना. फेलो तर आज पाचला संपलो. रेडिऑलॉजिस्ट खरं आहे, पण तिथे तशी जागा कुठे आहे अजून. दहा मिनिटं रकान्याकडे बघत होतो, चारही कोपऱ्यांतून. काही दिसलं नाही. पेन परत दिलं.

तिने एक क्षण माझ्याकडे बघितलं आणि झरझर लिहून टाकलं.

'सोबत येत आहेत.'

मी तो फॉर्म पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा वाचला. चूक सापडली नाही.